चार कोरी पाने

कथामालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाचे नशीब घरातल्या मधल्या मुलीसारखे असते. थोरलीचे कौतुक होऊन गेलेले असते, धाकटीचे लाड व्हायचे असतात. मधलीने मात्र थोरलीचा परकर नेसून धाकटीला कडेवर घ्यायचे. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेत ‘न्यू मून’ या दुसऱ्या कादंबरीची स्थिती अशीच आहे. २००५ ते २००८ या काळात चार भागांत आलेल्या या मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. पण ‘तुला कोणते पुस्तक आवडले?’ असे कोणत्याही वाचक-मुलीला विचारा, ती बहुधा पहिल्याचे नाव सांगेल. दुसऱ्याचे नाव निघाले की ती म्हणेल, ‘त्यात तो नाहीच ना!’

हा ‘तो’ म्हणजे कथानायक, आणि तो नाही हेच या पुस्तकाचे वैशिष्ट्य. ‘न्यू मून’ म्हणजे आपली अमावास्या. ज्या सणाची लक्ष्मी ऐन अमावास्येला येते, त्या सणाच्या अंकात अशा पुस्तकाविषयी चार शब्द लिहिले तर वाचकांनी ते अशुभ मानू नये.

आमच्या घरी ही पुस्तके भाचीच्या खोक्यातून आली. ती शाळेत असताना, म्हणजे २००९ च्या सुमारास, तिच्या वर्गातल्या मुली हीच पुस्तके बाकाखाली धरून वाचीत. आता ती नोकरीनिमित्त परगावी गेली आणि खोके आमच्या माळ्यावर राहिले. माझ्या पंधरा वर्षांच्या कन्येने यंदाच्या मे महिन्यात ते उघडले. पहिला भाग तिने दोन रात्रींत संपवला. दुसऱ्यात मात्र ती अडली, चिडली, पुस्तक आपटून उठली, आणि अर्ध्या तासाने पुन्हा उचलून बसली. मराठीच्या प्राध्यापिकेचे कुतूहल जागे व्हायला एवढे पुरेसे होते. मी दोन्ही भाग ओळीने वाचले.

ज्यांनी पहिला भाग वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याची कथा थोडक्यात सांगते. बेला स्वॉन ही शाळकरी मुलगी वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या चिमुकल्या गावी वडिलांकडे राहायला येते. वडील तिथले पोलीसप्रमुख. गावात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस. सूर्यदर्शन म्हणजे पर्वणी. या अंधाऱ्या गावात एक देखणे कुटुंब राहते, ते व्हॅम्पायरांचे. त्यांतला एडवर्ड दिसायला सतरा वर्षांचा. पण १९१८ साली इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत शिकागोत मरता मरता त्याचे हे रूपांतर झाले आणि तेव्हापासून तो सतराचाच राहिला. आपल्याकडे जुनी माणसे जिला मानमोडीची साथ म्हणत, तीच ही. हे कुटुंब माणसांच्या रक्ताला शिवत नाही, फक्त रानातली जनावरे मारते, आणि एवढ्यावर स्वतःला गमतीने ‘शाकाहारी’ म्हणवून घेते! शाकाहाराची ही व्याख्या आमच्या आळीत चालणार नाही. पण अमेरिकेत चालली. बेला आणि एडवर्ड यांचे प्रेम जमते आणि पहिला भाग संपतो.

लेखिका स्वतः ॲरिझोनातल्या रखरखीत उन्हात राहणारी, इंग्रजी साहित्याची पदवीधर, तीन लहान मुलग्यांची आई. २००३ च्या जूनमध्ये तिला एक स्वप्न पडले, त्यात रानातल्या मोकळ्या जागी एक मुलगी आणि एक व्हॅम्पायर बोलत उभे होते. मुलांचे पोहण्याचे वर्ग आणि स्वयंपाक सांभाळून तिने ते लिहून काढले. फोर्क्स गाव तिने आधी पाहिलेही नव्हते. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो, ते शोधून तिने ते निवडले.

आता दुसऱ्या भागाकडे वळू. त्याची सुरुवात मला फार आवडली. बेलाचा अठरावा वाढदिवस आहे आणि पहाटे तिला स्वप्न पडते. समोर तिची म्हातारी आजी उभी आहे, सुरकुत्या पडलेली. एडवर्ड जवळ येतो. आणि मग तिच्या ध्यानात येते की समोर आजी नाही, आरसा आहे. अठराव्या वर्षी म्हातारपणाचे भय! आपण हसू, पण प्रियकर कायमचा सतराचा असेल तर अठरावा वाढदिवस हा पहिला पराभवच की. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली, तेव्हापासून मराठी वाचकाला वार्धक्याचा हा धाक चांगला परिचयाचा आहे. तिथे एक बाप मुलाचे तारुण्य मागतो. इथे एक मुलगी आपले तारुण्य होते तिथेच थांबवून मागते. देणारा मात्र द्यायला तयार नाही.

त्याच संध्याकाळी एडवर्डच्या घरी वाढदिवसाचा समारंभ होतो. भेटीचा कागद उलगडताना बेलाचे बोट कापते, रक्ताचा एक थेंब पडतो आणि एडवर्डचा एक भाऊ भान सुटून तिच्यावर झेपावतो. एक थेंब रक्त, एवढ्यावर सबंध कादंबरी उभी आहे. तीन दिवसांनी एडवर्ड तिला घरामागच्या रानात नेतो आणि सांगतो की आम्ही गाव सोडतो आहोत आणि मला तू नको आहेस. हे धडधडीत खोटे असते. ती आपल्यापासून सुरक्षित राहावी म्हणून तो खोटे बोलतो. जाताना तिच्याजवळची आपली छायाचित्रे आणि भेटीही काढून घेतो, म्हणजे तिला विसरणे सोपे जाईल.

‘तिच्याच भल्यासाठी’ हे शब्द आपल्या घरांतून किती वेळा ऐकू येतात! तिचे शिक्षण थांबवले, तिच्याच भल्यासाठी. तिला पत्र दाखवले नाही, तिच्याच भल्यासाठी. ज्या व्यक्तीचे भले करावयाचे, तिला तेवढे विचारायचे राहून जाते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तला राम सीतेला न विचारता वनात पाठवतो आणि मग पंचवटीत मूर्च्छा येईतो रडतो. एडवर्डही पुढे असाच झुरतो. एवढ्याने त्याचा अपराध धुऊन निघतो असे मात्र मला वाटत नाही, आणि लेखिकेला तसे वाटते की काय, अशी शंका मला पुस्तकभर येत राहिली.

तो गेल्यावर बेला त्याच्यामागे रानात चालत राहते, वाट चुकते, ओल्या जमिनीवर पडून राहते. रात्री गावकरी तिला शोधून काढतात. मग पान उलटावे तर त्यावर एकच शब्द छापलेला दिसतो: ऑक्टोबर. पुढच्या पानावर नोव्हेंबर. मग डिसेंबर. मग जानेवारी. बाकी पाने कोरी.

माझी कन्या चिडली ती इथे. ‘आई, छापायचं राहिलंय बहुतेक,’ असे म्हणत ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली होती. राहिलेले काहीच नव्हते. ही कादंबरी बेला स्वतः सांगते; आणि जिला त्या चार महिन्यांत काही जाणवलेच नाही, ती सांगणार काय? शब्दांचा सडा घालणारी ही लेखिका, एका नजरेचे वर्णन अर्धे पान करणारी, इथे मात्र गप्प बसली, आणि मालिकेतली तिची सर्वांत चांगली चार पाने मला हीच वाटतात. २००९ च्या चित्रपटात या जागी बेला खिडकीशी खुर्चीत बसून राहते, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो आणि बाहेरचे ऋतू बदलत जातात. दृश्य छान आहे; पण पडद्यावर संगीत वाजते. कागदावर काहीच वाजत नाही.

या चार महिन्यांसाठी टीकाकारांनी बेलाला फार झोडपले आहे. मुलगा सोडून गेला म्हणून एवढे कोसळायचे? तिला स्वतःचे काही अस्तित्व नाही काय? प्रश्न गैर नाही. पण मला त्यावर आपल्याकडची एक फार जुनी गोष्ट आठवते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे. तिथेही एक मर्त्य आणि एक अमर. फक्त सोडून जाणारी स्त्री आहे आणि मागे राहणारा पुरुष. तो तिला सांगतो की मी आता कुठेतरी जाऊन मरून पडेन, लांडगे मला खाऊन टाकतील. ती त्याला समजावते की मरू नकोस, लांडग्यांच्या तोंडी जाऊ नकोस. कालिदासाने त्याच राजाला ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात सबंध एक अंकभर रानातून वेड्यासारखा हिंडवला. मोराला, कोकिळेला, हंसाला तो प्रियेचा पत्ता विचारतो. हा अंक आम्ही वर्गात शिकवतो, मुले परीक्षेत त्यातल्या विप्रलंभ शृंगारावर उत्तरे लिहितात. राजा रानात भटकला तर ते काव्य, आणि एका पोलिसाची पोर रानात पडून राहिली तर तो स्वाभिमानाचा अभाव! विरहाच्या बाबतीत हा दुजाभाव का, हे मला उमगलेले नाही.

मग या पुस्तकात काळजी करण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि आई म्हणून मला ते बोचले. चार महिन्यांनी बेला भानावर येते, ती एका विचित्र शोधामुळे. आपण काही धोक्याचे करू लागलो की एडवर्डचा आवाज कानी येतो आणि तो आपल्याला रागावतो, असे तिला आढळते. तो आवाज तिच्या मनाचाच खेळ असतो, हे तिलाही ठाऊक आहे. पण तेवढ्यासाठी ती धोके शोधू लागते. मोडक्या मोटारसायकली मिळवते, आणि शेवटी वादळ घोंघावत असताना समुद्रकड्यावरून उडी घेते. लेखिकेने मनाचा हा आजार खरा रंगवला आहे. पण त्या आजाराला तिने प्रेमाचे नाव दिले आणि तसेच ठेवले. कन्येशी मी यावर बोलले. ती म्हणाली, ‘मला काय कळत नाही का?’ पंधराव्या वर्षी हे उत्तर मिळणारच. तरी मी बोलले ते बरे झाले, असे मला वाटते.

मोटारसायकलींवरून आठवले. या गाड्या दुरुस्त करायला बेला ज्याच्याकडे जाते तो जेकब ब्लॅक हे या पुस्तकाचे खरे धन. बेलाहून दोन वर्षांनी लहान, ला पुश इथल्या क्विल्यूट जमातीचा मुलगा, घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने गाडी जुळवणारा. पहिल्या भागात तो केवळ सोय म्हणून येतो. एडवर्डच्या घराण्याचे गुपित नायिकेच्या कानी घालायला कोणीतरी हवे होते. पण दुय्यम पात्रे अशी हट्टी असतात. एकदा बोलू लागली की त्यांना गप्प बसवता येत नाही.

त्या शेडमधली प्रकरणे वाचकांनी सावकाश वाचावीत. तिथे फारसे काही घडत नाही. तो नटबोल्ट सोडवतो, ती बाजूला बसून असते, दोघे कोमट सोडा पितात, मध्येच शाळेचा अभ्यास करतात. आपापले ‘खरे वय’ ठरवण्याचा एक खेळ त्यांनी काढला आहे: तुला गाडी दुरुस्त करता येते, घे काही वर्षे जास्त, मला घरचा हिशेब आणि स्वयंपाक सांभाळता येतो, मलाही दे. पाहा, वय हाच विषय! एडवर्डपाशी वय म्हणजे आरशातली सुरकुती; जेकबपाशी ते चेष्टेत देण्याघेण्याची चीज होते. हा फरक लेखिकेने मुद्दाम साधला की लिहिता लिहिता साधला गेला, ते सांगता येणार नाही. पण सबंध मालिकेत याहून खरे तिने काही लिहिले नाही. दुखावलेले माणूस कसे हळूहळू हसू लागते, ते इथे दिसते. भाषणाने नाही, उपदेशाने नाही. कुणाच्या तरी शेजारी बसून, हात तेलकट करून.

पुढे जेकबही बदलतो. तो लांडगा होऊ लागतो, कारण या कथेत क्विल्यूट मुलांच्या अंगात व्हॅम्पायरांशी वैर करणारे लांडगे दडलेले आहेत. इथे मात्र थोडे थांबले पाहिजे. क्विल्यूट हे काही काल्पनिक लोक नव्हेत. प्रशांत महासागराच्या काठी, सुमारे एक चौरस मैलाच्या राखीव भूमीवर त्यांचे गाव आहे. समुद्राच्या इतके तोंडाशी की त्सुनामीच्या भयाने गाव उंचावर हलवता यावे, म्हणून २०१२ साली अमेरिकन सरकारला खास कायदा करून त्यांना शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातली जमीन द्यावी लागली. आपले पूर्वज मूळ लांडगे होते आणि एका दैवी पुरुषाने त्यांची माणसे केली, अशी त्यांची खरी कथा आहे. लांडग्याचा माणूस झाला हे त्यांचे सांगणे. माणसाचा लांडगा होतो हे कादंबरीचे. दोहोंत केवढे अंतर आहे! त्यांच्या भाषेविषयी एक मौजेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जगातल्या ज्या अगदी मोजक्या भाषांत ‘म’ आणि ‘न’ हे अनुनासिक ध्वनी नाहीत, त्यांत ती एक आहे. मराठीतून हे दोन ध्वनी काढले तर ‘आई’ राहील, पण ‘माय’ जाईल आणि ‘मन’ समूळ जाईल. कादंबरीतल्या जेकबच्या तोंडी ही भाषा फारशी येत नाही. त्याच्या वाट्याला गाड्या, उष्ण अंग आणि मत्सर आला.

असो. कड्यावरून उडी घेतलेली बेला बुडता बुडता वाचते. जेकबच तिला बाहेर काढतो. पण दूर असलेल्या एडवर्डपर्यंत बातमी पोचते ती तिच्या मरणाची. तो फोन करतो. जेकब फोन उचलतो आणि तिचे वडील अंत्यविधीला गेल्याचे तुटकपणे सांगतो. अंत्यविधी असतो वडिलांच्या मित्राचा. एडवर्ड समजतो तो बेलाचा. ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हे नाटक लेखिकेने पहिल्या पानापासून हाताशी ठेवले आहे आणि त्यातला चुकलेला निरोप तिने इथे टेलिफोनवरून पाठवला आहे. युक्ती ढोबळ खरी, पण ती चपखल बसते.

मग कथा एकदम इटलीत उडी घेते. टस्कनीतल्या व्होल्तेर्रा या डोंगरमाथ्यावरच्या प्राचीन नगरात व्हॅम्पायरांचे राजघराणे राहते, अशी कल्पना आहे, आणि त्यांच्या हातून मरण मागायला एडवर्ड तिथे गेला आहे. ते नकार देतात, तेव्हा भर दुपारी उन्हात उभे राहून आपले चमचमते अंग लोकांना दाखवायचे आणि शिक्षा ओढवून घ्यायची, असे तो ठरवतो. बेला चौकातल्या गर्दीतून धावते, घड्याळात बाराचे ठोके पडत असतात... हे सारे चित्रपटासाठीच लिहिल्यासारखे आहे. गमतीची गोष्ट अशी की लेखिका आधी एक काल्पनिक नगर रचणार होती. नकाशा पाहताना तिला जवळपास त्याच नावाचे खरे नगर सापडले. आणि चित्रपट काढणाऱ्यांनी व्होल्तेर्राची दृश्ये घेतली ती मोंतेपुल्चानो या दुसऱ्याच गावात.

परत आल्यावर बेला एक गोष्ट करते, ती मला फार भावली. तिला व्हॅम्पायर करावे की नाही, यावर ती एडवर्डच्या सबंध कुटुंबाचे मत घेते. जिला न विचारता सारे ठरवले गेले, ती आता घरातल्या प्रत्येकाला उठवून विचारते! एडवर्ड आणि त्याची एक बहीण विरुद्ध, बाकीचे सारे बाजूने. हरलेला एडवर्ड मग सौदा करू लागतो आणि शेवटची अट घालतो: आधी माझ्याशी लग्न कर. यावर बेलाची गाळण उडते. रक्तपिपासू पिशाच्च होण्याचे तिला भय नाही. एवढ्या लवकर लग्न केले तर आई काय म्हणेल, याचे आहे. हे वाचून मी मोठ्याने हसले आणि शेजारच्या खोलीतून कन्येने विचारले, ‘लग्नापाशी आलीस ना?’

माझे भांडण आहे ते लेखिकेने जेकबचा जो हिशेब केला त्याच्याशी. बरे करणारा तो, बुडताना काढणारा तो. पण ज्याने मोडले तो परत आला म्हणून सारे जुळले, असे पुस्तक सांगते. यामागे एक कारण दिसते. पहिल्या भागानंतर लेखिकेने आधी लग्न आणि पुढचा संसार असा भाग लिहून ठेवला होता. मधला ‘न्यू मून’ तिने नंतर मागे येऊन रचला. शेवट आधीच ठरला होता. जेकब कितीही वाढला तरी त्याला त्या ठरलेल्या शेवटाच्या दाराबाहेरच उभे राहणे प्राप्त होते. शेवटच्या प्रकरणात तो बेलाची मोटारसायकल तिच्या वडिलांच्या दारात आणून ठेवतो, चहाडीच करतो म्हणा ना. पोराने दुसरे करावे तरी काय?

कन्या आता तिसऱ्या भागात आहे. त्याच्या पहिल्याच पानांवर जेकबने बेलाला लिहिलेली एक चिठ्ठी आहे. दोनतीनदा सुरुवात करून ओळीच्या ओळी त्याने खोडल्या आहेत, आणि त्या खोडलेल्या ओळी पुस्तकात तशाच, वाचता येतील अशा, छापल्या आहेत.